बाई आल्या, बाई आली

'बाई आल्या' असं कुणी म्हटलं की हातात हजेरीपट आणि खडू घेतलेली शिक्षिका डोळ्यांसमोर येते. 'बाई आली' म्हटलं की सिंकमधली भांडी आठवतात. 'बाईंचं घर' आणि 'बाईचं घर' यांत फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे, पण त्या टिंबावर त्या स्त्रीची पत ठरते. मराठीतला हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो. तो हळूहळू पुसला जातोय आणि जाताना एका चांगल्या शब्दाची किंमत घालवतोय, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मी सोलापुरात प्राथमिक शिक्षिका होते. नोकरीचा बराच काळ शहराच्या पूर्व भागात गेला. पूर्व भाग म्हणजे यंत्रमाग, विडी वळणाऱ्या बायका आणि घरोघरी तेलुगू. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलायची, काही कन्नड, काही दखनी. पहिलीत आलेलं मूल शाळेत जो पहिला मराठी शब्द उचलायचं तो बहुधा 'बाई' हाच असायचा.

आता बघा, तेलंगणाच्या बोलीत 'बायि' म्हणजे विहीर. पुस्तकी तेलुगूत तिला 'बावि' म्हणतात, पण बोलताना बायिच. तिकडचा शेतकरी मळ्यात निघाला की 'बायिकाडिकि' जातो, म्हणजे विहिरीकडे. कोळशाच्या खाणीला 'बोग्गु बायि' म्हणतात, कोळशाची विहीर. कन्नडमध्ये 'बायि' म्हणजे तोंड. 'बायि मुच्चु' म्हणजे तोंड बंद कर, आणि हे वाक्य त्या मुलांनी घरी पुष्कळदा ऐकलेलं असणार. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाच्या घरी ही अक्षरं पाण्याची आणि दुसऱ्याच्या घरी बोलण्या-खाण्याची. पण शाळेच्या दारातून आत आल्यावर तीच अक्षरं ओरडताना कुणाचा कधी गोंधळ झाला नाही. सहा वर्षांच्या पोराला कळतं की शब्दाचा अर्थ तो कुठे, कुणाला उद्देशून आणि कोणत्या सुरात म्हटला यावर ठरतो. मोठेपणी हे भान आपण का हरवतो, हा माझा प्रश्न आहे.

गोव्याच्या कोकणीत तर एकाच भाषेत दोन्ही आहेत. 'बाय' म्हणजे मुलगी. लाडानं, मायेनं हाक मारायचा शब्द. आणि 'बांय' म्हणजे विहीर. तिथेही मध्ये एक अनुस्वारच उभा आहे. आपल्या कोकणातल्या 'अगो बाय'मध्ये हीच माया आहे.

कन्नडमध्ये गंगूबाई हनगल यांचं नाव लिहितात तेव्हा शेवटचा 'बायि' अगदी तोंडासारखाच लिहिला जातो. ज्यांच्या कंठातून असा धीरगंभीर, दमदार किराणा घराण्याचा स्वर यायचा त्यांच्या नावातच तोंड असावं, हे मला फार आवडतं. याच गंगूबाईंनी या शब्दाबद्दल जे म्हटलं होतं ते मात्र जिव्हारी लागणारं आहे. गाणारा पुरुष मुसलमान असला तर तो उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, केसरबाई आणि मोगूबाई मात्र बाईच राहतात, अशा अर्थाचं ते बोलणं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही.

कारण त्यांचं खरं आहे. केसरबाई केरकर म्हणजे कोण? गोव्यातल्या केरी गावच्या, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं अंतराळात पाठवली तेव्हा त्यांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर जगभरातलं निवडक संगीत होतं. त्यात भारताचा एकच आवाज होता आणि तो केसरबाईंचा, 'जात कहाँ हो' ही भैरवी. यानं सुटली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ती भैरवी आता आंतरतारकीय अवकाशात पोचली आहे. एवढं झालं तरी उस्ताद किंवा पंडित या शब्दांतून जी विद्येची ग्वाही मिळते ती 'बाई'तून मिळत नाही, ही गंगूबाईंची तक्रार होती. उस्ताद म्हटलं की याला येतं, हे आधीच मान्य होतं. बाई म्हटलं की ही स्त्री आहे, एवढंच कळतं.

पुढच्या पिढीनं त्यावर उपाय शोधला. मोगूबाई कुर्डीकरांची लेक किशोरीताई झाली. आईच्या नावापुढे बाई, मुलीच्या नावापुढे ताई. एका घरात, एका पिढीत हा शब्द बदलला. आता पत्रिकांवर 'विदुषी' छापतात. त्यामागची भावना मला समजते. त्या काळात गाणाऱ्या बाईकडे समाज कुठल्या नजरेनं बघत होता हे आपल्याला माहीत आहे. उत्तरेत आणि बंगालात 'बाईजी' या शब्दाला कोठ्याचा वास लागला होता. त्या नजरेपासून लांब जायचं तर शब्दापासूनही लांब जावं लागलं असेल.

पण मला इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मराठीत 'बाई' या शब्दात विद्येची ग्वाही आहे. आपल्या प्रत्येक गावच्या शाळेत ती ऐकू येते. पुरुष शिक्षकाला आपण गुरुजी म्हणतो, म्हणजे गुरू शब्द वापरावा लागतो, त्याला जी लावावा लागतो. शिक्षिकेला नुसतं 'बाई' म्हटलं की पुरतं. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवायला उभ्या राहिल्या. त्यानंतर या भाषेत बाई या शब्दाला 'शिकवणारी' हा नवा अर्थ चिकटला, असं मी मानते. मुलं म्हणतात, 'आमच्या शाळेत तीन बाई आहेत.' बायका नाही, बाया नाही, 'तीन बाई'. अनेकवचनातही शब्द बदलत नाही, कारण तो तेव्हा सामान्यनाम उरत नाही, पदवी होतो. हे कुठल्याही व्याकरणकारानं ठरवलेलं नाही. पोरांनी ठरवलंय.

पुणे विद्यापीठाला 2014 साली नाव दिलं ते सावित्रीबाई फुल्यांचं, बाईसकट. मला त्याचा आनंद आहे. आमच्या सोलापूर विद्यापीठाचं नाव मात्र पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. माणसांनी आदरानंच केलं, यात शंका नाही. पण इतिहासात त्या अहिल्याबाई आहेत. 1767 पासून 1795 मध्ये देह ठेवेपर्यंत त्यांनी माळव्याचा कारभार पाहिला. महेश्वरला राहून न्यायनिवाडे केले, हिशेब तपासले, काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळं आणि घाट बांधले. हे सगळं एका हाडामांसाच्या बाईनं केलं, यातच त्याचं मोठेपण आहे. देवी केली की ते तिला सोपंच असणार असं वाटू लागतं. जिजाबाई, रमाबाई यांच्याही नावांतून आपण बाई काढून ऊ आणि आई लावले. ती नावं मायेची आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा ओघ एकाच दिशेनं का वाहतोय, ते बघायला हवं. आदर वाढला की बाई जाते. मग बाई हा शब्द उरतो कुणासाठी?

उत्तर आपल्याला ठाऊक आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये रोज सकाळी ऐकू येतं: 'आज बाई नहीं आयी', 'माय बाई इज ऑन लीव्ह'. मराठीतून हा शब्द मुंबईच्या हिंदीत आणि तिथून इंग्रजीत गेला. जाताना त्याचं क्रियापद मात्र इथेच राहिलं. 'आल्या' आणि 'आली' हा फरक इंग्रजीला करताच येत नाही. मुंबईची हिंदी तो करत नाही. अनुस्वार तर सीमेवरच गळाला. त्या दोन भाषांत पोचली ती बिनमानाची बाई, आणि आता तीच परत मराठीत येतेय. त्यामुळे इंग्रजी शाळेतल्या एखाद्या मराठी शिक्षिकेला मूल चुकून 'बाई' म्हणालं की ती दचकते. एका शाळेत तर 'बाई म्हणायचं नाही, मॅम म्हणायचं' अशी मुलांना ताकीद दिलेली मी स्वतः ऐकली. मला त्या शिक्षिकेचा राग आला नाही. जो शब्द माझ्यासाठी आयुष्यभराचा मान होता तो तिच्यासाठी अपमान झाला होता, याचं फार वाईट वाटलं.

ज्या मुंबईत हे घडलं त्याच मुंबईत परळला जाऊन पाट्या वाचाव्यात. लहान मुलांचं वाडिया हॉस्पिटल आपण म्हणतो त्याचं पूर्ण नाव बाई जेरबाई वाडिया. जनावरांचं जे बैलघोडा हॉस्पिटल आहे त्याचं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट. पारशी लोक बाई नावाच्या आधी लावत, 'श्रीमती'सारखं. ज्यांच्या नावानं दवाखाने उभे राहिले त्या घरांतल्या स्त्रियांसाठी हा शब्द होता. गुजरातीत गांधीजींच्या आईचं नाव पुतळीबाई. कस्तुरबा आधी कस्तुरबाई होत्या, मग साऱ्या देशाच्या 'बा' झाल्या. पुढे गुजरातनं 'बेन'ला जवळ केलं आणि बाई मागे पडली.

राजस्थानात मात्र ती अजून घरातली लाडकी आहे. तिथे बाई म्हणजे बहीण, लेक. 'बाईसा' म्हणजे नणंद. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून तिकडची सून त्याला 'बाईसा रा बीरा' म्हणते, नणंदेचा भाऊ. मीराबाई म्हणताना आपल्याला संत आठवते, पण त्या नावात मेडत्याच्या राठोडांची लेकही आहे. माझ्या आजोळी, वऱ्हाडात, थोरल्या बहिणीला बाईच म्हणत. त्यामुळे राजस्थानातली ही हाक ऐकली की मला ती परकी वाटत नाही.

छत्तीसगडीत 'मोर बाई' म्हणजे माझी बायको. आपल्या 'बायको'तही बाई ऐकू येतेच. त्याच छत्तीसगडच्या तीजनबाई, हातात तंबुरा घेऊन पंडवानी, म्हणजे महाभारतातल्या कथा, गाणाऱ्या, भीमाच्या गदेचा प्रहार मंचावर उभा करणाऱ्या. पद्म पुरस्कारांच्या याद्या मी आवडीनं वाचते आणि त्यात मला एक ओळ सापडली आहे. 2019 मध्ये तीजनबाईंना पद्मविभूषण. 2020 मध्ये आपल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे, गावरान बियाणं जपणाऱ्या, त्यांना पद्मश्री. 2021 मध्ये भिल्ल चित्रकार भूरीबाई. 2022 मध्ये गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम. 2023 मध्ये जोधइयाबाई बैगा, ज्यांनी उतारवयात कुंचला हातात धरला. ओळीनं पाच वर्षांच्या याद्यांतून राष्ट्रपती भवनात एकेक बाई गेली, म्हणजे गेल्या. गाणारी, बी राखणारी, चित्रं काढणाऱ्या. शहरानं टाकून दिलेला शब्द यांच्या नावात ताठ उभा आहे आणि त्याला धक्का लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

पंजाबातला अनुभव तर मला कुणी आधी सांगितला असता तरी खरा वाटला नसता. मुलगा नोकरीनिमित्त भटिंड्याला असताना आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. भाजीवाला आमच्या यांना म्हणाला, 'आओ बाई जी.' यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. पण तो यांनाच म्हणत होता. पंजाबच्या माळवा भागात, भटिंडा, मानसा, संगरूर इकडे, 'बाई' म्हणजे भाऊ, दादा, वडीलधारा पुरुष. मित्र मित्राला 'ओए बाई' म्हणतो. बावीस या आकड्यालाही पंजाबीत बाईच म्हणतात. परक्या मुलखात पुरुषाला मानानं द्यायची हाक आणि आपल्या मुलखात बाईला मानानं द्यायची हाक एकच निघावी, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. तुर्कीतही 'बाय' म्हणजे श्रीयुत आणि स्त्रीला 'बायान', असं नंतर वाचलं.

बंगालीतली दुसरी एक बाई वेगळ्याच मुळाची. ती वायूपासून आली. डोक्यात वारं शिरलं की माणसाला जे वेड लागतं ते 'बाई'. सारखे हात धुणाऱ्या, सोवळ्याओवळ्याचा अतिरेक करणाऱ्या माणसाला 'शुचिबाई' आहे असं म्हणतात. आणि व्हिएतनामी भाषेतल्या 'बाइ'बद्दल कळलं तेव्हा माझ्यातली शिक्षिका सुखावली. तिथे 'बाइ' म्हणजे पाठ, शाळेतला धडा. गाणी मोजतानाही हाच शब्द लावतात. त्यांचा आणि आपल्या बाईंचा काही संबंध नाही, योगायोगच आहे, पण धडा आणि गाणं या दोन्ही जागी आपल्याकडे बाईच उभ्या होत्या.

सगळ्या भाषा फिरून आल्यावरही मराठी बाईची एक जागा मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाही. 'मला नको बाई.' 'किती गं बाई ऊन हे!' 'मी नाही बाई जाणार.' ही बाई कोण? समोर नवरा असतो, मुलगा असतो, कधी कुणीच नसतं, तरी तोंडातून बाई येते. पुरुष असं बोलत नाहीत. मला वाटतं, ही जात्यावरची सवय आहे. दोघी समोरासमोर बसून दळायच्या, ओवी एकीनं म्हणायची आणि दुसरीनं ऐकायची. 'बाई' ही ती समोरची. जातं गेलं, समोरची उठून गेली, पण बोलणारीला अजून ती तिथे बसलेली वाटते. आपलं दुःख, आश्चर्य, नकार, सगळं आधी तिला सांगायचं. देवीलाही आपण त्याच जवळिकीनं हाक मारतो: कोल्हापूरची अंबाबाई, मांढरदेवची काळूबाई. वाईला तर नदीसुद्धा कृष्णाबाई, आणि तिचा उत्सव होतो. ज्या शब्दात देवी, नदी, शिक्षिका, थोरली बहीण आणि मनातली मैत्रीण एवढ्या जणी राहतात तो शब्द लाजेनं लपवायचा, हे मला मान्य नाही.

यावर कुणी म्हणेल, शब्दाचं एवढं काय घेऊन बसलात, आम्ही हल्ली कामाला येणाऱ्यांना मावशी म्हणतो, ताई म्हणतो. जरूर म्हणा. पण नातं लावलं की हिशेब विसरायला सोपं जातं, हेही मी पाहिलंय. मावशीला सुट्टी मागताना संकोच वाटतो आणि आपल्याला मावशीचा पगार वाढवायची आठवण राहत नाही. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता. त्यांनी पगारवाढ मागितली, सुट्टी मागितली, आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. आम्हाला वेगळ्या नावानं हाक मारा, ही त्यांची मागणी नव्हती. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला 2008 उजाडलं. कायद्यानं मोलकरीण शब्द टाळला, बाईही टाळला, आणि हिंदीतून 'घरेलू' आणला. तरी कुठल्या घरात आठवड्याची सुट्टी ठरलेली असते, ते आपापल्या मजल्यावर विचारून बघा.

माझं म्हणणं साधं आहे. 'आमची बाई' म्हणू नका. तिला नाव आहे, ते घ्या आणि त्याला बाई जोडा, जशी केसरबाईंच्या नावाला आहे, सावित्रीबाईंच्या नावाला आहे. आणि क्रियापद अनेकवचनी ठेवा. 'आल्या', 'गेल्या', 'म्हणाल्या'. मुलांसमोर मुद्दाम ठेवा. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मी नावापुढे बाई लावून हाक मारते आणि त्या मला नुसतं बाई म्हणतात, कारण त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. ती दार उघडून 'बाई आहेत का?' असं विचारते तेव्हा आम्हा दोघींपैकी कुणाला विचारतेय, हे मला तिच्याकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

शिक्षिकांनाही विनंती आहे. मॅडम म्हणवून घ्या, त्यात काही वावगं नाही, पण एखाद्या पोरानं बाई म्हटलं तर त्याला दुरुस्त करू नका.

आता मला तुमच्याकडून हवंय. खानदेशात, बेळगावात, झाडीपट्टीत बाई कुणाला म्हणतात? बडोदा-इंदूरच्या मराठी घरांत, तंजावरच्या मराठी बोलणाऱ्यांत, मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांत हा शब्द अजून आहे का, आणि असला तर आईसाठी आहे, आजीसाठी, सासूसाठी की बहिणीसाठी? लिहिताना क्रियापदासकट लिहा.